इंदूर: शहरातली कामं कुठवर आली? (पाणी, मेट्रो, बीआरटीएस, कान्ह नदी)

मल्हारगंजकर

मागचा धागा शेवटी शेवेच्या भावावर आणि उसळ-पोहे कुणाकडचे खावेत यावर घसरला, म्हणून नवा काढतोय. विषय शहरातल्या कामांचा. जे जाहीर झालंय किंवा जाता-येता सगळ्यांना दिसतंय, तेवढंच लिहा. 'आमच्या ओळखीतले एक जण निगममध्ये (महापालिकेत) आहेत, ते म्हणत होते' हा प्रकार नको. इंदुरात प्रत्येकाच्या ओळखीतलं कुणीतरी निगममध्ये असतंच.

मेट्रो: सप्टेंबर २०१९ मध्ये पायाभरणी, ३१ मे २०२५ ला पहिली गाडी. अहिल्यादेवींची तीनशेवी जयंती होती. पंतप्रधानांनी भोपाळहून झेंडा दाखवला आणि पहिल्या दिवशी गाडी फक्त बायकांसाठी होती. गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर-३, पाच स्टेशनं, जेमतेम सहा किलोमीटर. आखलेलं पूर्ण वर्तुळ ३१ किलोमीटरच्या वर आहे.

बीआरटीएस (रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी वेगळी लेन): १० मे २०१३ ला सुरू झाला. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी काढायचं जाहीर केलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने शिक्कामोर्तब केलं. नंतर कित्येक महिने तोडायला ठेकेदारच मिळेना. बांधायला रांग, तोडायला कुणी नाही.

कचरा: २०१७ पासून पहिला नंबर. २०२३ च्या सर्वेक्षणात तो सुरतबरोबर वाटून घ्यावा लागला. पुढच्या खेपेला आपल्याला 'सुपर स्वच्छ लीग' नावाच्या वेगळ्या गटात बसवलं, तिथेही आपणच वर. निकाल जुलै २०२५ मध्ये लागला.

पाणी: डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पिण्याच्या लाइनीत ड्रेनेजचं पाणी शिरलं, शेकडो लोक आजारी पडले, माणसं दगावली. किती गेली यावर इथे भांडू नका. तो हिशेब कोर्टापुढे गेला आहे.

आता लिहा.

रामबागेतली

काका, मेट्रोत मी फुकटच्या आठवड्यात बसून आले. गाडी सुरेख आहे. स्टेशनांना राण्यांची नावं दिली आहेत: अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, अवंतीबाई, दुर्गावती, झलकारीबाई. चढलं की बरं वाटतं, उतरल्यावर करायचं काय हा प्रश्न पडतो. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आहेत, बाकी बरीचशी मोकळी जमीन. रामबागेतून मेट्रो धरायची तर आधी गांधीनगरपर्यंत रिक्षा करायची. फुकटचा आठवडा संपल्यावर गर्दी ओसरली यात नवल कसलं?

पुण्यातला_इंदुरी

ताई, हेच पुण्यात झालं होतं. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे पाच किलोमीटर सुरू झाली तेव्हा लोक पोरांना घेऊन नुसते फेरी मारायला जायचे, वाढदिवससुद्धा डब्यात साजरे करायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये मार्ग रूबी हॉलपर्यंत गेला, दोन्ही लाइनी सिव्हिल कोर्टला जोडल्या गेल्या, मग नोकरीवाले बसायला लागले. मेट्रोचा तुकडा चालत नाही, जाळं चालतं. इंदूरलाही वेळ द्या.

रामबागेतली

वेळ द्यायला ना नाही, भिया. पण वनाजपासून गरवारेपर्यंत दोन्ही बाजूंना माणसं राहतात. तुमच्याकडे वस्तीतून सुरुवात झाली, आमच्याकडे रिकाम्या जागेतून. विमानतळाच्या बाजूने सोपं होतं तिथे आधी बांधलं, अवघड शहर पुढे ढकललं.

छत्रीबाग

अवघड शहर म्हणजे राजवाड्याचा टप्पा. बडा गणपती, राजवाडा हे सगळं जमिनीखालून जायचं आहे. १९८४ च्या दंगलीत जळालेला वाडा आत्ता कुठे नीट उभा केलाय, त्याच्या आसपास खणणार म्हटल्यावर जीव खालीवर होतो. मी मेट्रोच्या विरोधात नाही. एवढंच म्हणणं आहे की खणण्याआधी आसपासच्या प्रत्येक जुन्या घराच्या भिंतींचे फोटो आणि मापं घेऊन ठेवा आणि ती घरमालकाच्या सहीनिशी ठेवा. नंतर भेग पडली तर 'ही आधीचीच' म्हणायला वाव राहू नये. मुंबईत भुयारी मेट्रो खणताना जुन्या इमारतींवर कंपन मोजायची यंत्रं बसवली होती, इथेही बसवता येतील.

सुदामानगरी

सगळे मेट्रोवर बोलून राहिलेत, बीआरटीएसवरच्या आयबसचं कुणी नाव घेत नाही. मी रोज भंवरकुआंहून विजयनगरला जाणारी बाई आहे. मधली लेन होती तेव्हा बस सिग्नल सोडला तर कुठे थांबत नव्हती. स्टेशनवर दार उघडायचं तिथेच उघडायचं, चढायला पायरी नाही, म्हाताऱ्या माणसालासुद्धा सोपं. आता तीच बस गाड्यांच्या गर्दीत उभी. रस्ता कुणासाठी मोकळा झाला ते सांगा.

एलआयजी_चौराहा

सगळ्यांसाठी झाला, ताई. एलआयजीपासून पलासियापर्यंत संध्याकाळी उभं राहून बघा. दोन्ही बाजूंना गाड्या अडकलेल्या आणि मधली लेन रिकामी. अॅम्ब्युलन्सही तिथूनच काढावी लागायची. कोर्टात याचिका काही आज पडल्या नव्हत्या, मार्ग सुरू झाला तेव्हापासून पडून होत्या. कोर्टाने तज्ज्ञांची समिती नेमली, तिचा अहवाल आला, मग निर्णय झाला.

सुदामानगरी

मधली लेन रिकामी दिसायची, कारण बस निघून गेलेली असायची! एका बसमधली माणसं गाड्यांत बसवली असती तर एलआयजीपासून गीताभवनपर्यंत रांग लागली असती. अहमदाबादचा जनमार्ग २००९ पासून चालू आहे, त्यांना नाही वाटलं काढावासा.

पुण्यातला_इंदुरी

भोपाळने काढला, पुण्यातही नगर रस्त्यावरचा काढला. अहमदाबादने फाटे फोडून जाळं केलं. आपण एकच रेघ ओढली आणि तिच्यावर सगळा राग निघाला. एआयसीटीएसएल, म्हणजे शहराची बस कंपनी, २००५ मध्ये निघाली तेव्हा दुसऱ्या शहरांतली माणसं ती बघायला यायची, हे आता कुणाला आठवत नाही. बस खासगी माणसाने विकत घ्यायची, मार्ग आणि वेळ कंपनीने ठरवायची, अशी ती रचना होती.

मल्हारगंजकर

हा वाद मागच्या धाग्यावर भरपूर झालाय. लेन गेली ती गेली. आता त्या मार्गावर बस किती मिनिटांनी येते आणि थांबे कुठे केले, एवढंच विचारायचं. सुदामानगरी ताई, तुम्ही रोज जाता, थांब्यांची यादी टाकाल का?

सुदामानगरी

टाकते. पण थांबा म्हणजे काय ते ठरवा आधी. काही ठिकाणी नुसता खांब आहे.

नवी_पलासियाची_सून

मी नाशिकची, लग्नानंतर इथे आले. मला एक सांगा, कचऱ्याच्या बाबतीत जे जमतं ते बाकी कामांत का जमत नाही? सकाळी गाडी येते, गाणं वाजतं, सहा कप्पे असतात, ओल्यात प्लास्टिक निघालं तर गाडीवरचा माणूस पिशवी परत हातात देतो. पहिल्या आठवड्यात माझी परत दिली होती, सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. माहेरी कुणाला खरं वाटत नाही.

छत्रीबाग

सूनबाई, याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या नगररचनाकाराला बोलावलं होतं. शहरात प्लेग होता, लोक त्याला घाबरून दारं लावून घ्यायचे. त्याने काय करावं? दिवाळीच्या सुमाराला मोठी मिरवणूक काढली. तीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीर, दोघांचे पुतळे जाळले. सफाई कामगारांना मिरवणुकीत मानाने चालवलं. मिरवणूक कुठून जाणार ते आधी सांगितलं नाही, जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ तिथून जाणार एवढंच जाहीर केलं. मग काय, घराघरातून कचरा बाहेर निघाला. १९१८ मध्ये त्याने इंदूरच्या विकासाचा अहवाल छापला. त्यात नद्या, गल्ल्या, नाल्या सगळं आहे.

दुसरं म्हणजे कंपोस्ट. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या संशोधन संस्थेत होते. पालापाचोळा आणि शेण थरांनी रचून खत करायची जी रीत त्यांनी बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. आता ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथला बायो-सीएनजीचा कारखाना १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला, क्षमता रोज ५५० टन. त्या गॅसवर शहरातल्या बसही चालतात. म्हणजे खरकट्याशी या गावाची ओळख जुनी आहे.

नवी_पलासियाची_सून

वा, हे माहीत नव्हतं. पण काका, माझा प्रश्न तिथेच राहिला.

निवृत्त_पीएचई

त्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या परीने देतो. पीएचईत (सरकारच्या पाणीपुरवठा खात्यात) होतो, आयुष्य पाइपांत गेलं, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

कचऱ्याची गाडी आली नाही तर नऊ वाजता सगळ्या गल्लीला कळतं. गाडीवर जीपीएस आहे, सफाईवर देखरेख करणारा दरोगा आहे, वर झोनचा अधिकारी आहे, आणि दारात उभी असलेली बाई आहे, जी कुणालाच सोडत नाही. पाण्याची लाइन चार फूट खाली. ती फुटली तर पाणी वर येतं, तक्रार होते, डागडुजी होते. पण ती नुसती झिरपत असेल आणि शेजारून ड्रेनेज जात असेल, तर वरून काहीही दिसत नाही. आणि सर्वेक्षणाचे मार्क दिसणाऱ्या गोष्टींना.

आता हे समजून घ्या की घाण आत शिरते कशी. बरेच जण विचारतात की पाणी दाबाने वाहत असतं, गळती असेल तर पाणी बाहेर जाईल, बाहेरचं आत कसं येईल? पाणी चालू असतं तेव्हा तुमचं म्हणणं बरोबर. पण आपल्याकडे नर्मदेचं पाणी बहुतेक भागांत एक दिवसाआड येतं. टंकीचा वॉल्व्ह बंद झाला की लाइनीतलं उरलेलं पाणी खालच्या भागातल्या नळांतून उतरून जातं आणि पाइपात पोकळी तयार होते. तेव्हा फुटक्या सांध्याभोवती जे काही साचलं असेल ते स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसं आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी वॉल्व्ह उघडला की पहिला लोंढा तेच घेऊन तुमच्या हौदात येतो.

त्यात आपली मोटर. नळाला थेट मोटर लावली की पोकळी आणखी वाढते. बेकायदा आहे हे माहीत असून अर्धी कॉलनी लावते, कारण उरलेल्या अर्ध्या कॉलनीने लावलेली असते.

नियमाप्रमाणे पाण्याची लाइन आणि सीवर यांच्यात तीन मीटर अंतर हवं, आणि ओलांडायची वेळ आली तर पाण्याची लाइन वरून न्यायची. जुन्या इंदुरातल्या गल्लीची रुंदीच कधी कधी तीन मीटर नसते. म्हणून दोन्ही लाइनी बॅकलेनमध्ये एकमेकींना चिकटून गेल्या आहेत. आणि भागीरथपुऱ्यात तर मुख्य लाइनीच्या वर शौचालय बांधलेलं निघालं, तेही पोलीस चौकीचं, आणि नेमकी तिथेच गळती.

एलआयजी_चौराहा

काका, मग उपाय चोवीस तास पाणी?

निवृत्त_पीएचई

कागदावर तोच. लाइनीत सतत दाब असेल तर बाहेरचं आत येत नाही. पण इंदूरचं पाणी येतं कुठून ते बघा. जलूद, खरगोन जिल्हा, मंडलेश्वरजवळ. तिथून साधारण ७० किलोमीटर आणि चारशे मीटरहून जास्त चढ. वांचू पॉइंटपर्यंत पंपांनी ढकलत आणायचं, तिथून पुढे उताराने. १९७० मध्ये नर्मदेसाठी शहराने आंदोलन केलं, १९७८ मध्ये पहिल्या टप्प्याचं पाणी आलं, मग दुसरा, मग तिसरा टप्पा. त्याआधी यशवंतसागर आणि बिलावलीवर गाव चालायचं.

एवढ्या चढावर पाणी आणायचं म्हणजे वीज. पंपिंगचं बिल महिन्याला २५ कोटींच्या आसपास जातं असं निगमचंच म्हणणं. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले, २४४ कोटींचे, ८.२५ टक्के व्याजाने, शेअर बाजारात नोंदवून. त्या पैशातून जलूदजवळ ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प. ही कल्पना मला मनापासून आवडलेली आहे. पण वीज स्वस्त झाली म्हणून गळती थांबत नाही. इतक्या खर्चाने डोंगर चढवून आणलेलं पाणी शेवटच्या शंभर फुटांत नासतं, आणि त्या शंभर फुटांवर कुणाचा फोटो निघत नाही.

रामबागेतली

काका, तुम्ही म्हणता ते पटतं, पण आम्ही घरात काय करायचं ते सांगा. भागीरथपुऱ्यानंतर घरोघरी टीडीएसचं मीटर आलंय. नळाला लावतात, दीडशे आकडा आला की खूश.

निवृत्त_पीएचई

ताई, हे फार बरं विचारलंत. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. ड्रेनेजचं थोडं पाणी मिसळलं तरी तो आकडा फारसा हलत नाही. जंतू त्याला दिसत नाहीत. नर्मदेचं पाणी मुळातच गोडं, त्यामुळे आकडा कमी येणारच, आणि बोअरिंगचं निर्मळ पाणीसुद्धा जास्त दाखवणार. जंतूंसाठी त्या मीटरचा काडीचा उपयोग नाही.

घरी दोन गोष्टी करता येतात. एक, क्लोरीन. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. थेंब टाकून रंग बघायची किट मिळते. पिवळा किंवा गुलाबी रंग आला तर क्लोरीन आहे. रंगच आला नाही तर एक तर टंकीवर टाकलं नाही, किंवा वाटेत घाण मारता मारता संपलं. दुसरी शक्यता जास्त वाईट. तपासायचं ते थेट नळाचं, हौदातलं नको. हौदात उभ्या राहिलेल्या पाण्यातून क्लोरीन उडून जातं.

दोन, एच-टू-एसची बाटली. छोटी बाटली असते, आत औषध. त्यात पाणी भरून कोमट जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. हा शेवटचा निकाल नाही, पण प्रयोगशाळेत नमुना न्यायला पुरेसं कारण आहे.

आणि तोवर उकळा. चांगलं खळखळून, एखादं मिनिट. आरओ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आरओच्या टाकीतल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, आत काही वाढलं तर अडवायला कुणी नाही.

नवी_पलासियाची_सून

पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं सोडून द्यायची का? आमच्याकडे पहिल्यांदा जरा गढूळ येतं.

निवृत्त_पीएचई

सोडा. मघाशी सांगितलेला पहिला लोंढा तोच. ते झाडांना किंवा फरशीला घाला, पिण्याच्या हौदात उतरू देऊ नका. पण रोज गढूळ येत असेल, वास येत असेल, तर सोडून देणं हा उपाय नव्हे, तक्रार करा. बाटलीत भरून, तारीख-वेळ लिहून फोटो काढा आणि निगमच्या ३११ अॅपवर टाका. तिथे नाही हललं तर १८१, सीएम हेल्पलाइन.

सराफ्यातला

तक्रारीचं मी सांगतो. एका सरकारी पोर्टलवर गल्लीतल्या चेंबरची तक्रार केली. दोन दिवसांनी मेसेज आला, 'समाधान झाले'. चेंबर तिथेच, वास तिथेच. फोन केला तर म्हणाले, फोटो जोडलाय बघा. फोटो होता, चेंबर स्वच्छ होतं, पण ते आमचं नव्हतं. मागे दिसणारी भिंत निळी, आमची पिवळी.

मल्हारगंजकर

हाहा! दादा, भिंत तरी रंगवून घ्या निळी.

सराफ्यातला

हसा. तेव्हापासून फोटोत मागे घराचा नंबर आणि शेजारचा विजेचा खांब येईल असा उभा राहतो. समाधान मान्य नसेल तर लगेच 'असंतुष्ट' करायचं. गप्प बसलात की तक्रार आपोआप बंद.

छत्रीबाग

कान्ह नदीचं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूरला देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारं शहर, ठरवलं. नदीत पडणाऱ्या नाल्यांची तोंडं बंद करून पाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवलं, हे काम खरोखर झालं, आणि मोठं झालं. सिरपूर आणि यशवंतसागर हे तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेले, जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ शहराची मान्यता मिळाली. सिरपूरला हिवाळ्यात जाऊन या, पक्षी बघून जीव निवतो.

पण नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी (होळकरांच्या समाध्यांपाशी) उभं राहा. पावसाळा संपला की नाकाला रुमाल लागतोच. आणि पुढे काय होतं? कान्ह उत्तरेला जाऊन उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते. २०१६ च्या सिंहस्थात तिचं पाणी पाइपातून वळवून क्षिप्रेच्या खाली सोडलं होतं. आता २०२८ चा सिंहस्थ तोंडावर आहे, म्हणून पुन्हा तिच्यासाठी बंद नाली चालली आहे. बारा वर्षांत नदी स्वच्छ करण्यापेक्षा तिला तोंड लपवून न्यायचाच रस्ता सापडला. आपण नळातून नर्मदा घेतो, वापरतो आणि उज्जैनला कान्ह पाठवतो. तिथल्या घाटावर बुडी मारणाऱ्याला आपला पहिला नंबर सांगून बघा.

एलआयजी_चौराहा

छत्रीबागकाका, जरा जास्तच झालं. कान्हच्या काठी कारखाने आहेत, सांवेर रोड आहे, आसपासची गावं आहेत. सगळा मैला इंदूरकरांचा नाही.

छत्रीबाग

सांवेर रोड कुठल्या शहरात आहे, दादा?

पुण्यातला_इंदुरी

पुण्यात मुळा-मुठा बघा, मग कान्ह गोड वाटेल. असो. मला एक विचारायचंय. आई-बाबा राजेंद्रनगरला एकटे असतात. तिथली पाण्याची लाइन जुनी की नवी, हे बाहेरगावी बसून कसं कळणार?

निवृत्त_पीएचई

माहितीचा अधिकार. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ऑनलाइनही करता येतो. 'पाणी चांगलं का येत नाही' असं विचारू नका, असल्या प्रश्नाला उत्तर येत नाही. कागद मागा. मी मागितले असते ते असे: अमुक टंकीवरून अमुक कॉलनीत जाणारी लाइन कोणत्या वर्षी टाकली आणि ती कशाची आहे, मागच्या बारा महिन्यांत त्या टंकीखालच्या नळांवरून घेतलेल्या नमुन्यांच्या तपासणी अहवालांच्या प्रती, त्याच काळात त्या भागात दूषित पाण्याच्या किती तक्रारी आल्या, आणि प्रत्येकीवर काय केलं त्याची नोंद. अहवाल 'उपलब्ध नाहीत' असं उत्तर आलं तरी ते लेखी उत्तर असतं, आणि कोर्टात कामाला येतं.

नमुना कुठून घेतला हे मुद्दाम बघा. टंकीवरचा नमुना नेहमीच पास होतो. बिघाड पुढे असतो. शेवटच्या घराच्या नळाचा नमुना मागा.

रामबागेतली

काका, हे आमच्या पूर्ण गल्लीतर्फे करता येईल का? प्रत्येकाने वेगळा अर्ज करण्यापेक्षा?

निवृत्त_पीएचई

अर्ज एकाच्या नावाने करा, नाहीतर कुणाच्या पत्त्यावर उत्तर पाठवायचं यातच महिना जाईल. पण अर्ज हिंदीत लिहा. मराठीत चालेल न चालेल यात वेळ नको. आणि पाण्याची तपासणी मात्र गल्लीने मिळून करा. क्लोरीनची एक किट बऱ्याच घरांना पुरते. पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी लाइनीच्या सुरुवातीचं घर, मधलं घर आणि शेवटचं घर, तिन्ही नळांवर एकाच वेळी. सुरुवातीला रंग येतो आणि शेवटी येत नाही, असं दिसलं तर मधे कुठेतरी घाण शिरतेय. असा कागद घेऊन पार्षदाकडे (नगरसेवकाकडे) गेलात तर त्याला टाळता येणार नाही. निदान सोपं जाणार नाही.

सुदामानगरी

थांब्यांची यादी टाकते म्हटलं होतं, ती राहिली, पण पाण्याचं आधी. आमच्याकडे नळ पहाटे येतात. किट कुठे मिळते?

सराफ्यातला

प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते, ऑनलाइनही. घेताना एक्स्पायरीची तारीख बघा. औषध जुनं झालं की रंग धड येत नाही आणि उगाच घाबरायला होतं.

मल्हारगंजकर

पीएचईकाका, तुमचे दोन मोठे प्रतिसाद मी धाग्याच्या वर चिकटवतोय. अर्जाचा हिंदी मसुदा तयार करून द्याल का? कॉलनीचं आणि टंकीचं नाव रिकामं ठेवा, ज्याने त्याने भरावं.

निवृत्त_पीएचई

रविवारपर्यंत देतो. मला टाइप करायला वेळ लागतो, हाताने लिहून फोटो टाकला तर चालेल का?

नवी_पलासियाची_सून

फोटो टाका काका, टाइप मी करते. रामबागेतली ताई, तुमच्या गल्लीत पाणी सम तारखेला येतं की विषम? आमच्याकडे विषमला. किट एकच घेऊ आणि अदलाबदल करू.

रामबागेतली

समला. घे तू, पैसे अर्धे माझे.